हद्दीपलीकडचा हुकूमनामा

मिरजेला गाडी बदलताना तुम्ही आधी पिशवी चाचपता. कागद जागच्या जागी आहेत. साल १९१५, मे महिना. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी. पुण्यातल्या एका वकिलाकडे तुम्ही कारकून आहात आणि पिशवीत लाल फितीने बांधलेली सहीशिक्क्याची नक्कल आहे. बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित. प्रिव्ही कौन्सिल, लंडन. निकालाची तारीख २६ मार्च १९१५. चौदा वर्षं गाजलेला ताईमहाराज खटला टिळकांनी जिंकलाय. ब्रिटिश साम्राज्यात याच्या वर अपील नाही. निघताना वकीलसाहेब म्हणाले होते, "कोल्हापुरात दाखवून या, काय म्हणतात बघू." त्यांच्या बोलण्यात उमेद फारशी नव्हती, हे तुमच्या आत्ता लक्षात येतं.

काल रात्रीपासून तुम्ही किती राज्यं ओलांडलीत? पुणे ब्रिटिशांचं, सातारा जिल्हा ब्रिटिशांचा. कुंडल रोड स्टेशन आलं तेव्हा खिडकीबाहेर औंधच्या पंतप्रतिनिधींचा मुलूख होता. तिथल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पाच वर्षांपूर्वी कारखाना थाटलाय. मिरज पटवर्धनांची. पुढे हातकणंगले, रुकडी म्हणजे कोल्हापूर. मध्येच कुठेतरी इचलकरंजीकर घोरपड्यांची जहागीर लागते. ती कोल्हापूरच्या छत्रपतींच्या ताब्यातली, पण १८६२च्या तहापासून मोठ्या जहागीरदारांवर इंग्रजांचीही नजर. डब्यात शेजारचा म्हातारा ओच्यात गूळशेंगा बांधून झोपलाय. त्याचं गाठोडं कुणी पळवलं, तर फिर्याद कुणाच्या ठाण्यात द्यायची? गाडी त्या क्षणी कुठल्या शिवारात होती, हे आधी ठरवावं लागेल. म्हाताऱ्याला त्याची फिकीर नाही. गाठोडं त्याने डोक्याखाली घेतलंय, तोच खरा बंदोबस्त.

कोल्हापूरचं स्टेशन. टांगेवाला तुमची टोपी बघूनच पुणं ओळखतो.

"कुठं जायचं, मालक?"

"दरबारच्या कचेरीत."

"कोर्टाचं काम व्हय? मग मुक्काम धरा. आज काय परत जात न्हाईसा."

वाटेत तो चाबकाच्या टोकानं दाखवत जातो. तिकडं रेसिडेन्सी, त्या आवारात सायबाचा कायदा. टपाल हापिस दिसतंय ते इंग्रज सरकारचं. आल्बर्ट एडवर्ड दवाखाना, टाउन हॉल, शाळा, बोर्डिंगं ती म्हाराजांची. अंबाबाईच्या देवळात कुणाचा कायदा चालतो, असं तुम्ही सहज विचारता. तो लगाम ओढून मागं वळतो. "त्येच्यावरनं तर सगळं पेटलं हुतं की." वेदोक्ताचं प्रकरण त्याला पुण्याच्या माणसासमोर काढायचं नाही, हे उघड आहे. १८९९ साली पंचगंगेवर पुरोहिताने शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्र म्हणायचं नाकारलं. १९०२ साली दरबाराने राजोपाध्यांचं वतन खालसा केलं. राजोपाध्ये पोलिटिकल एजंटाकडे गेले, मुंबई सरकारकडे गेले, व्हाइसरॉयपर्यंत गेले, सगळीकडून हात हलवत परतले. कोणत्या वर्णाच्या माणसाला कोणता मंत्र, हा प्रश्न शास्त्राचा. वतन काढून घेणं हा प्रश्न राज्याच्या कायद्याचा. आणि त्यावरची दाद मागायची ती साता समुद्रापलीकडून आलेल्या साहेबाकडे. या शहरात कुठलाही तंटा एकाच दारात संपत नाही.

कचेरीत तुम्हाला बाकावर बसवून ठेवतात. बराच वेळ बसवतील. तोवर चौदा वर्षं मागे जाऊन या.

*

जून १९०१, औरंगाबाद. निजामाचं राज्य. तुम्ही एका वाड्याच्या अंगणात उभे आहात. आत पुण्याहून आलेली मंडळी आहेत: टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, आणखी काही विश्वस्त, आणि सकवारबाई ऊर्फ ताईमहाराज. कोवळ्या वयाची विधवा. नवरा सरदार वासुदेव हरिहर पंडित, म्हणजे बाबामहाराज, ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने गेले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केलं. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेले, तरी मित्राच्या अंथरुणापाशी हजर होते आणि विश्वस्त झाले. बाबामहाराजांच्या मागे मुलगा जन्मला आणि दोनेक महिन्यांतच गेला. मग मृत्युपत्रातल्या कलमाप्रमाणे विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घेणं आलं.

आता या अंगणात उभं राहून बघा, किती कायदे एकमेकांवर चढलेत. मृत्युपत्र आणि त्याचं प्रोबेट हा विलायती कायद्याचा वाण. पुण्याच्या कोर्टाने ते मंजूर केलं. दत्तक हा धर्मशास्त्राचा विषय, आणि त्यातही आपल्याकडे मिताक्षरेबरोबर नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख मानतात. मयूखाच्या प्रदेशात विधवेला नवऱ्याची स्पष्ट परवानगी नसली तरी दत्तक घेता येतं. बंगालात तसं नाही. मुलगा जगन्नाथ, निधोण्याच्या शाखेचा, म्हणजे निजामाची प्रजा. मिळकत थोडी पुण्याकडे, थोडी कोल्हापूर संस्थानात. आणि हे सगळं ठरणार एका क्षणावर: बापाने मूल दिलं का, आईने घेतलं का, मुलगा मांडीवर बसला का. २७ आणि २८ जूनला आत काय झालं ते तुम्हाला दिसत नाही. नाही दिसलं तेच बरं. दिसलं असतं तर पुढली कितीतरी वर्षं साक्षीच देत फिरला असतात.

कारण पुण्याला परतल्यावर काही आठवड्यांतच ताईमहाराजांचं मन फिरलं. त्यामागे बाजूला झालेला एक विश्वस्त, नागपूरकर, होता आणि कोल्हापूरचे पंडितमहाराज होते. त्यांचा भाऊ बाळामहाराज दत्तक घ्यावा असं ठरलं. ऑगस्टमध्ये दुसरं दत्तविधान झालं. हिंदू कायद्यात एक मुलगा असताना दुसरा दत्तक घेता येत नाही. म्हणजे औरंगाबादचं दत्तक खरं असेल तर दुसरं आपोआप बाद. तेव्हा औरंगाबादला काही घडलंच नाही, असं म्हणणं भाग होतं. पुण्याचे जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी तसंच मानलं, १९०२ साली प्रोबेट रद्द केलं आणि टिळकांवर खोट्या साक्षीचा फौजदारी खटला लावायला सांगितलं. १९०३च्या ऑगस्टमध्ये दंडाधिकारी क्लेमंट्सनी अठरा महिन्यांची सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड ठोठावला. सेशन्सने शिक्षा सहा महिन्यांवर आणली. मार्च १९०४मध्ये मुंबई हायकोर्टाने टिळकांना निर्दोष सोडलं. ताईमहाराज तोवर वारल्या होत्या.

दिवाणी दावा चालूच. १९०६ साली पुण्याच्या कोर्टाने जगन्नाथाचं दत्तक खरं धरलं. १९१० साली हायकोर्टाने तो निकाल फिरवला. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात. मग लंडन. लॉर्ड शॉ, जन्माने स्कॉट. त्यांच्या स्वतःच्या देशातच इंग्लंडहून वेगळा कायदा चालतो. त्या समितीवर त्या वर्षांत कलकत्त्याचे अमीर अलीही होते. लंडनमधल्या एका खोलीत, निजामाच्या मुलखात एका मराठी विधवेच्या मांडीवर मूल बसलं की नाही, याचा निवाडा धर्मशास्त्र आणि इंग्रजी पुराव्याचा कायदा अशा दोन मापांनी झाला. बसलं, असं ठरलं. वर हायकोर्टाला चार शब्द ऐकवले गेले: साक्षीदाराला उलटतपासणीत त्या मुद्द्यावर नीट विचारल्याशिवाय तो खोटं बोलला असं ठरवता येत नाही. वकिलीच्या पुस्तकांत हा खटला आजही त्या वाक्यासाठी सांगतात. दत्तकाचं काय झालं, हे सहसा कुणी सांगत नाही.

*

"पुण्याचं कोण आहे?"

तुम्ही बाकावरून उठता. मेजापाशी दोघं आहेत. एक म्हातारे कारकून, शेंडी, कानावर बोरू, समोर मोडीतली वही. दुसरा तरुण, विशीतला, मराठा बोर्डिंगात शिकून आलेला. २६ जुलै १९०२च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासवर्गांसाठी राखल्या; या टेबलाशी तो बसला आहे तो त्याच हुकुमामुळे. दोघांचं आपसात फारसं पटत नसावं. पण तुमच्या बाबतीत दोघांचं एकमत आहे.

म्हातारे फीत सोडतात. मजकूर वाचत नाहीत. पहिल्यांदा स्टांप बघतात.

"हा कुठला?"

"पुण्याचा."

"मग पुण्यात चालेल."

"प्रिव्ही कौन्सिलचा निकाल आहे हो. बादशहांच्या नावाने."

"असेल की." ते कागद तरुणाकडे सरकवतात. तो मात्र वाचतो, इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत, आणि मग जपून शब्द वापरत बोलतो. "लंडनला अपील जातं ते ब्रिटिश हद्दीतल्या हायकोर्टावरून. आमच्या कोर्टावरचं शेवटचं अपील हुजुरांकडे. हुजूर म्हणजे इथले छत्रपती. तेव्हा हा निकाल आमच्यासाठी परक्या कोर्टाचा झाला."

"म्हणजे दरखास्त घेणार नाही?"

"कशाची दरखास्त? हुकूमनामा आमचा नाही, बेलीफ कसा पाठवायचा? दावा लावा नव्यानं. त्यात हा कागद पुराव्याला द्या. कोर्ट बघेल." मग जरा थांबून, "पण दत्तकाचं दरबारात आधीच ठरलंय. बाळामहाराजांचं मंजूर आहे."

तुम्ही पुण्याची माणसं वाद घालण्यात मागे नसता. तुम्ही म्हणता, माणूस एक, बाप एक. पुण्यात बाबामहाराजांचा मुलगा जगन्नाथ आणि कृष्णा ओलांडून इकडे आलं की बाळामहाराज, हे कसं? म्हातारे चष्मा काढून पुसतात. "अहो, तुमच्या इंग्रजांनीच लिहून ठेवलंय ना, आमची कोर्टं परकी म्हणून? १९०८च्या दिवाणी कायद्यात बघा. आमचा हुकूमनामा पुण्यात नेला तर तुमचा सबजज्ज काय करतो? आधी तेरावं कलम काढतो. त्याची खातरजमा झाल्याखेरीज हात लावत नाही. मग आम्ही का लावावा?"

याला उत्तर नाही. त्या कायद्याचं १३वं कलम परक्या निकालाला मान कधी द्यायचा आणि कधी नाही ते सांगतं, आणि ४४वं कलम म्हणतं की संस्थानी कोर्टांचे हुकूमनामे सरकारने गॅझेटात जाहीर केलं तरच बजावता येतील. इंग्रजांनी संस्थानिकांना सार्वभौम म्हणायचं आणि पाहिजे तेव्हा कान पिळायचा, हा दुहेरी कारभार केला. त्यातली सार्वभौमाची बाजू कोल्हापूरकरांनी इथे शब्दशः घेतली, इतकंच.

दरबाराचा हा निव्वळ तत्त्वाचा बाणा होता, असं मात्र समजू नका. समोर टिळक नसते तर तो इतका ताठ राहिला असता का, याची मला शंका आहे. वेदोक्ताच्या वेळी टिळक ज्या बाजूला उभे राहिले ते महाराज विसरले नव्हते. आणि हिशेब आणखी जुना आहे. १८८२ साली कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होतो, असं 'केसरी' आणि 'मराठा' यांनी छापलं. आधार म्हणून घेतलेली पत्रं बनावट निघाली. कारभारी माधवराव बर्व्यांनी फिर्याद केली. ती कोल्हापुरात नाही, मुंबईत. टिळक आणि आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. तेव्हा कोल्हापुरातल्या गोष्टीसाठी मुंबईचा कायदा टिळकांना पुरेसा लांब हात करून पकडू शकला. १९१५ साली मुंबईहून मोठ्या कोर्टाचा हात पंचगंगेपर्यंत पोचेना. तुम्ही पिशवीत नक्कल परत घालता आणि खानावळ शोधायला निघता. टांगेवाल्याचं खरं झालं.

पुण्याच्या बाजूची मिळकत जगन्नाथमहाराजांकडे आली. कोल्हापूरच्या हद्दीतलं इनाम बाळामहाराजांकडे राहिलं. टिळक १९२०च्या जुलैत मुंबईला आले ते याच प्रकरणाच्या कामाने, आणि १ ऑगस्टला सरदारगृहात गेले. मित्राला मरताना दिलेल्या शब्दापायी तेवीस वर्षं.

*

कायद्याचे अभ्यासक अशा गुंत्याला आता मोठं नाव देतात. एकाच जागी, एकाच माणसावर एकाहून अधिक कायदे चालतात, ती विधिबहुलता. हद्दी ओलांडून जाणाऱ्या व्यवहारांचा कायदा तो राष्ट्रातीत कायदा. अमेरिकेचे फिलिप जेसप यांनी १९५६ साली येल विद्यापीठातल्या व्याख्यानांत तो शब्द रूढ केला. त्याच्याही आधी, १९१३ साली, ऑस्ट्रियन साम्राज्याच्या टोकाला बुकोव्हिना प्रांतात ऑयगेन एर्लिख नावाचा प्राध्यापक लिहून गेला की संहितेत छापलेला कायदा आणि माणसं जगतात तो कायदा वेगळे. त्याच्या गावात रुमेनियन, ज्यू, जर्मन, युक्रेनियन, आर्मेनियन शेजारी शेजारी राहत आणि साम्राज्याची संहिता एकच असताना लग्न, वाटणी, करार आपापल्या रीतीने करत. तुम्ही कोल्हापूरच्या खानावळीत भाकरी मोडत असताना तिकडे त्याच्या गावासाठी रशियन आणि ऑस्ट्रियन फौजा झुंजताहेत. एर्लिखला कोल्हापुरात आणून सोडला असता तर त्याला आणखी एक जाडजूड ग्रंथ लिहावा लागला असता.

पुस्तकातल्या मांडणीत मला एक गोष्ट कमी वाटते. कायदे अनेक असले की सामान्य माणसाला कधी आसरा मिळतो, कधी तो चिरडला जातो, आणि बऱ्याचदा दोन्ही एकाच मोकळ्या जागेतून येतं. ते बघायला चार वर्षं पुढे चला.

*

१९१९, पावसाळा. बैलगाडी कागलच्या दिशेने चाललीय. गाडीत एक जोडपं आहे, जात वेगवेगळी. नावं तुम्ही विचारू नका. कोल्हापुरात या जुलैमध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांना मान्यता देणारा कायदा झालाय. मुंबई इलाख्यात, म्हणजे पुण्यात किंवा निपाणीत, याच दोघांनी लग्न करायचं ठरवलं असतं तर १८७२चा कायदा काढावा लागला असता आणि त्यात आधी लिहून द्यावं लागलं असतं की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, कुठल्याच धर्माचे नाही. १९२३पर्यंत तो नियम तसाच होता. दिल्लीच्या कायदेमंडळात विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ साली हिंदूंच्या आंतरजातीय विवाहांसाठी विधेयक आणलं. ते वादातच अडकलं. शाहू महाराजांना कायदेमंडळाची वाट बघायची गरज नव्हती. त्याच वर्षी बायकांना क्रूरपणे वागवणाऱ्यांविरुद्ध कायदा झाला, दुसऱ्या वर्षी जोगतिणी आणि मुरळ्यांबाबत. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा त्याआधीच, १९१७ साली. ज्या स्वायत्ततेच्या जोरावर कचेरीतल्या म्हाताऱ्याने प्रिव्ही कौन्सिलचा निकाल परत केला, तीच ही.

दरबाराची टिळकांशी असलेली अढी आणि दरबाराचा हा विवाहाचा कायदा, यांतली एक गोष्ट उचलून दुसरी टाकायची सोय इतिहासात नाही. पुण्याचे लोक पहिली सांगतात, कोल्हापूरचे दुसरी.

चिखलात चाक रुतलंय. गाडीवान उतरून खांदा लावतो, तुम्हीही लावा. कागलची वेस येते. इथे घाटग्यांची जहागीर. महाराज जन्माने याच घराण्यातले. जहागिरीला तिच्यापुरते काही अधिकार, त्यावर कोल्हापूर, त्याच्यावर रेसिडेंट. वेशीवर कुणी अडवत नाही, पण मुलगी पदर डोक्यावर ओढून घेते. आणखी तेवढंच अंतर गेलं की निपाणी, बेळगाव जिल्हा, ब्रिटिश हद्द. पोरीचा भाऊ तिथे तंबाखूच्या वखारीत कामाला आहे आणि त्याने निरोप धाडलाय, इकडे या म्हणजे बघतो.

निपाणीत या लग्नाचं काय? इंग्रजी न्यायाधीश विचारेल: तुमचं कायमचं राहणं कुठलं? कोल्हापूरचं असेल आणि तिथल्या कायद्याने लग्न रीतसर झालं असेल, तर ते इथेही लग्नच, असं वकील मांडू शकेल. मुळात निपाणीचेच असाल आणि लग्नापुरते हद्द ओलांडून गेला असाल, तर मात्र अवघड आहे. म्हणजे नवरा-बायको आहात की नाही हे तुमच्या घराचा उंबरा कुठल्या शिवारात आहे त्यावर. गाडीतल्या मुलाला हे तुम्ही समजावून सांगता. तो ऐकून घेतो आणि विचारतो, "आणि पंचांचं काय?"

तुमची वकिली इथे संपते. पंच निपाणीतही तेच आणि कोल्हापुरातही तेच. जातीची बैठक कधी या गावात, कधी त्या. दंड, वाळीत टाकणं, हुक्कापाणी बंद, मर्तिकाला खांदा न देणं, हे सगळं वेशीवर थबकत नाही. औरंगाबादच्या निजामी हद्दीत, पुण्याच्या ब्रिटिश हद्दीत, कोल्हापुरात, जिथे जिथे जातभाई, तिथे तिथे तो हुकूम लागू. मुंबई इलाख्यात तर १८२७च्या दुसऱ्या रेग्युलेशनच्या २१व्या कलमाने कोर्टांनी जातीच्या प्रश्नांत पडायचं नाही असंच ठरवून ठेवलं होतं. छत्रपतींचा शिक्का आणि लंडनचा निकाल एकमेकांना हद्दीवर अडवत बसले असताना, सगळ्या हद्दींतून बिनधोक फिरणारा एकच कायदा होता, आणि तो कुणी कधी छापला नव्हता. हद्दींपलीकडच्या कायद्यावर लिहिणारे लोक समुद्रावरचा व्यापार आणि लवादांची उदाहरणं देतात. मी जातपंचायतीचं देईन. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला तो २०१६ साली.

मुलगा गाडीवानाला कागललाच गाडी थांबवायला सांगतो. ते दोघं निपाणीला जात नाहीत. भावाच्या निरोपाला उत्तरही देत नाहीत. त्यांना शेवटी उपयोग झाला तो हद्दीचाच, असं म्हटलं तर चालेल.

*

हीच वाट आज हमरस्त्याने अर्ध्या-पाऊण तासाची आहे. हद्द आहेच, आता ती महाराष्ट्र-कर्नाटकाची, कोगनोळीच्या नाक्यापाशी. आणि ती कुठे असावी यावर २००४ सालापासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. राजाराम महाराजांच्या काळात संस्थानने स्वतःचं हायकोर्ट उभारलं होतं, ते गेलं. मग हायकोर्टाच्या तारखेसाठी कोल्हापूरकर रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊ लागले. खंडपीठासाठी वकिलांनी किती साखळी उपोषणं, किती मोर्चे केले, ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच बसू लागलं, सहा जिल्ह्यांसाठी: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग.

तुमचा शेवटचा मुक्काम त्या इमारतीच्या आसपास, एका वकिलांच्या ऑफिसात. तुम्ही आता ज्युनियर आहात. काळा कोट उकाड्यात चिकटलाय. समोर पस्तिशीची एक बाई बसलीय, बरोबर तिचे वडील. लग्न कोल्हापुरात झालं, वैदिक पद्धतीने. नवरा अमेरिकेत, न्यू जर्सीला. दोन वर्षं तिकडे राहून ती परत आली. आता तिथल्या कोर्टाने घटस्फोट दिल्याचा कागद ईमेलने आलाय, आणि नवरा पुन्हा लग्न करणार आहे म्हणतात.

वडील विचारतात, "अमेरिकेच्या कोर्टानं दिलंय म्हटल्यावर आता काय करणार?"

सिनियर कपाटातून दिवाणी प्रक्रिया संहिता काढतात. १९०८चीच. ४४व्या कलमातली संस्थानी कोर्टांची तरतूद संस्थानांबरोबर कालबाह्य झाली. १९३७ साली त्याला जोडलेलं ४४-अ आहे. ब्रिटनसारख्या परस्पर मान्यता दिलेल्या देशांचे पैशाचे हुकूमनामे त्याखाली इथे थेट बजावता येतात. अमेरिका त्या यादीत नाही. पण हा घटस्फोट, तेव्हा बघायचं ते १३वं कलम. कोल्हापूरच्या कोर्टाला परकं ठरवण्यासाठी जे वापरलं जायचं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. १९९१ साली नरसिंह राव खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्थ लग्नापुरता नेमका केला. ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्याने परक्या कोर्टाला अधिकार पाहिजे आणि घटस्फोटाचं कारणही त्या कायद्यात बसणारं पाहिजे. तसं नसेल, तर दुसऱ्या बाजूने आपखुशीने त्या कोर्टापुढे येऊन त्याचा अधिकार मानलेला पाहिजे. नाहीतर तो निकाल इथे चालत नाही.

"म्हणजे मी तिकडे घटस्फोटित आणि इकडे लग्न झालेली?" बाई विचारते.

"आत्ता तरी तसंच," सिनियर म्हणतात, आणि तुमच्याकडे वळून टिपणं घ्यायला सांगतात. "त्या कोर्टात तुम्ही हजर झाला होता का? ऑनलाइनसुद्धा? वकील दिला होता? काही लिहून पाठवलं? नोटीस आली तेव्हा पाकीट कुठे ठेवलं?"

"टपालाने आलं होतं. आईने कपाटात ठेवलंय बहुतेक."

"पाकिटासकट आणा. वरचा शिक्का पाहिजे. आणि त्याच्या नव्या लग्नाची तारीख कळली तर लगेच फोन करा, मनाई मागायची तर त्याआधी मागावी लागेल."

तुम्ही डायरीत पुढची वेळ लिहून घेता: सोमवार, साडेचार.